तुमच्या विरोधातलं एक मत

अहो, तुम्हाला जाऊन आज अठरा दिवस झाले. वर्तमानपत्रं अजून दोन येतात, एक हिंदी आणि एक इंग्रजी. बंद करायला सांगू का, असं आपल्या ऋतानं विचारलं. मी नको म्हटलं. सकाळी दारातून उचलते आणि घडी न मोडता गॅलरीतल्या स्टुलावर ठेवते. सरकार पडलंय, निवडणुका यायच्या आहेत, सीमेवर लढाई चालू आहे, आणि या सगळ्यावर तुमचं काय म्हणणं आहे ते मला कुणी सांगत नाही. बत्तीस वर्षं ते मला सकाळच्या चहाबरोबर न मागता मिळत होतं. तेव्हा मी म्हणायचे, "मला माझं वाचू द्या हो." आता वाचायला बसले की ओळी नुसत्या डोळ्यांखालून जातात.

भेटायला लोक येतात. तुम्ही दिल्लीला कधी आलात, कुठल्या हुद्द्यावरून निवृत्त झालात, गाव कुठलं, हे विचारतात. मी सांगते. सांगताना मला कळतं की यात तुम्ही कुठेच नाही. ते लोक गेल्यावर मी मनातल्या मनात तुमच्याशी बोलायला लागते आणि दर वेळी एकाच जागी येऊन अडकते. एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहून गेली. ती सांगायची म्हणजे मला थोडं मागून यावं लागेल.

लग्न होऊन मी लक्ष्मीबाई नगरच्या त्या सरकारी क्वार्टरमध्ये आले, तेव्हा तुम्ही ऑफिसात नेमकं काय करता हे मला ठाऊक नव्हतं. सासूबाई गावात सांगायच्या, माझा मुलगा दिल्लीत मंत्र्याला उत्तरं लिहून देतो. ते अगदी खरं निघालं. खासदार संसदेत प्रश्न विचारायचे आणि तुमच्या मंत्रालयाकडून जाणाऱ्या उत्तराचा पहिला मसुदा तुमच्या टेबलावर व्हायचा. काहीच न सांगता सगळं सांगितल्यासारखं कसं लिहावं, ही विद्या तुम्हाला उत्तम येत होती आणि ती तुम्ही घरीही वापरायचात. मी शाळेतून दमून यायचे आणि विचारायचे, "दूध आणलंत का? आणि आणलं असेल तर तापवलंत का?" तुम्ही पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचात, "प्रश्नाच्या पहिल्या भागाचं उत्तर, नाही. दुसरा भाग उद्भवत नाही." मला राग यायच्या आत हसू यायचं. आपल्या संसारातली निम्मी भांडणं अशीच सभागृहाच्या पटलावर ठेवली गेली.

पण एकदा तुम्ही डबा न उघडता परत आणलात. मला तो दिवस लख्ख आठवतो. कुणा खासदारानं गावोगावच्या नळयोजनांबद्दल प्रश्न विचारला होता आणि यादीत तुमच्याच गावाचं नाव आलं होतं. खालून अहवाल आला होता की काम प्रगतिपथावर आहे. आणि तुमच्या शर्टाच्या खिशात सासूबाईंचं आंतर्देशीय पत्र होतं. त्यात लिहिलं होतं, पाइप देवळापर्यंत आला आणि तिथेच थांबला, मी अजून विहिरीवरच जाते. तुम्ही फायलीत होतं तेच लिहिलंत. दुसरं काही लिहायचा तुम्हाला अधिकारच नव्हता. घरी येऊन चपला न काढता पलंगावर बसलात आणि म्हणालात, "आज मी आईला खोटं ठरवून आलो. तेही छान इंग्रजीत."

मी म्हटलं, "सोडून द्या हो."

"सोडतोच आहे. तेच तर माझं काम."

दुसऱ्या दिवशीपासून पुन्हा तुमची टिंगल सुरू झाली, मंत्र्यांची, सचिवांची, तुमची स्वतःची. लोकांना तुम्ही तिरकस वाटायचात. पक्ष कुठलाही असो, तुमच्या तावडीतून सुटायचा नाही. एका वर्षात दोन-दोन पंतप्रधान बदलले तेव्हा तुम्ही म्हणायचात, "आमच्या सेक्शनमधल्या शिपायाची बदलीसुद्धा इतक्या लवकर होत नाही." पण मतदानाच्या दिवशी मात्र अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, रांगेत पहिल्या दहांत उभे राहायचात. मी विचारलं होतं एकदा, सगळेच जर असे आहेत तर एवढी घाई कसली? तुम्ही चिडलात. तुम्हाला चिडलेलं मी फार कमी वेळा पाहिलं. "म्हणून काय मी माझं एक मत त्यांना सोडून देऊ?" असं म्हणालात.

निवृत्ती आली तशी क्वार्टर सोडायची वेळ आली. आपलं खरं भांडण तिथून सुरू झालं आणि ते कधी संपलं नाही. तुम्हाला गावी जायचं होतं. सासूबाई नव्हत्या, घराला कुलूप होतं, तरी तुम्हाला जायचं होतं. मला नव्हतं जायचं. माझी शाळेतली काही वर्षं उरली होती, ऋता इथे जन्मली, इथे वाढली. ती मराठी बोलते खरी, पण मागच्या आठवड्यात तेराव्याची तयारी चालली असताना हळूच मला विचारत होती, "आई, सुतक म्हणजे एग्झॅक्टली काय असतं?" तिला गावात नेऊन मी काय केलं असतं? म्हणून शिक्षकांच्या गृहनिर्माण सोसायटीत मी माझं नाव घातलं, यमुनेच्या पलीकडे, नोएडात. सोडतीत सहावा मजला निघाला. तुम्हाला मी सगळं ठरल्यावर सांगितलं. तुम्ही एवढंच म्हणालात, "अच्छा. म्हणजे मंत्रिमंडळाचा निर्णय आधीच झालाय."

पहिल्यांदा जागा बघायला गेलो तेव्हा तिथे सरसोंचं शेत होतं, त्यात मधेच सळ्या बाहेर आलेले खांब, आणि एका भल्या मोठ्या फलकावर निळं पाणी आणि हिरवळ काढलेली. तुम्ही फलकासमोर बराच वेळ उभे राहिलात. "रस्ता नाही, पाणी नाही, पण चित्र मंजूर झालंय," म्हणालात. मी हसले नाही. मला ते घर हवं होतं हो. सरकारच्या मालकीचं नसलेलं, कुणी रिकामं करायला न लावणारं.

दोन वर्षांपूर्वी राहायला आलो आणि तुम्ही बदललात. लक्ष्मीबाई नगरात संध्याकाळी पार्कच्या बाकावर तुमची संसद भरायची. तमिळ अय्यर, बंगाली दत्ता, आणि तुम्ही. इथे बाक होते, पण त्यांवर बसायला कुणाला वेळ नव्हता. सगळे नव्या नोकऱ्या, नव्या गाड्या, नवे फोन यांच्या मागे. आपल्या ऋतालासुद्धा गुरगावच्या परदेशी कंपनीत नोकरी लागली आणि सकाळी तिला न्यायला गाडी यायला लागली. तुम्ही गॅलरीतून बघायचात. "परकीय भांडवल आलं बघ. घरात येत नाही, चहा घेत नाही, नुसता हॉर्न वाजवतं." ऋता खालून ओरडायची, "बाबा, प्लीज यार," आणि हात हलवायची. ती दिसेनाशी झाली तरी तुम्ही तिथेच उभे असायचात. मला ते दिसत होतं. मी म्हणायचे, रुळतील हळूहळू.

मग सोसायटीनं तुम्हाला थोडा जीव दिला. घर माझ्या नावावर, म्हणून सभासद मी. मत माझं. तुम्हाला फक्त बोलायची परवानगी होती. त्याचं तुम्हाला काही वाटलं नाही, उलट गंमतच वाटली. अध्यक्ष त्यागीजींना तुम्ही सांगून टाकलंत, "मी सरकारात नाही. बाहेरून पाठिंबा देणारा आहे." त्यागीजी निवृत्त मुख्याध्यापक, गंभीर माणूस, पण तेही हसले. सोसायटीची पत्रं, अर्ज, सूचना, सगळ्यांचे मसुदे तुमच्याकडे यायला लागले. तुमची पाठ पुन्हा ताठ झाली.

आणि मग जनरेटर आला.

इथे वीज दिवसातून दोनतीनदा जाते, त्याला आता कुणी बातमीही म्हणत नाही. जनरेटर सकाळी आणि संध्याकाळी चालायचा. दुपारी वीज गेली तर लिफ्ट बंद. तो दुपारीही चालवावा असा प्रस्ताव तुम्ही लिहिलात. नेमका तो जनरेटर होता आपल्या झोपायच्या खोलीच्या खाली. सुरू झाला की खिडकीच्या काचा थरथरायच्या. मला अर्धशिशीचा त्रास. शाळेतून आले की दुपारचा तासभर डोळे मिटून पडले तर संध्याकाळी माणसात असायचे. तेवढा एक तास होता माझा.

त्यावर मतदान होतं त्या रविवारी सकाळी वीज नव्हती, खाली तो धडधडत होता आणि माझं डोकं फुटायची वेळ आली होती. मी तुमच्यावर ओरडले, हे कसलं राहणं आहे म्हणून. तुम्ही पेपर वाचत होतात. वर न बघता म्हणालात, "हे घर तू घेतलंस, मास्तरीणबाई."

तुम्ही सहज म्हणालात. कदाचित गमतीनंही. पण मला ते लागलं. दोन वर्षं तुम्ही न बोलता जे बोलत होतात तेच तोंडातून आलं, असं वाटलं.

अकरा वाजता सभा झाली. तुम्ही बोललात. तुमच्या त्या मराठी वळणाच्या हिंदीत, कधी नव्हे ते सरळ, टिंगल न करता. "पाँचवीं मंज़िल पर वर्माजी की माताजी हैं। तीन महीने से नीचे की धूप नहीं देखी। आज हम लोग चढ़ जाते हैं, कल नहीं चढ़ पाएँगे।" स्वतःबद्दल एक अक्षर बोलला नाहीत. आता मला आठवतं, जिना चढताना तुम्ही प्रत्येक मजल्यावर थांबून भिंतीवरची नोटीस वाचायचात. तीच नोटीस, रोज. मला वाटायचं जुनी खोड.

चिठ्ठ्या वाटल्या. 'हाँ' किंवा 'नहीं' लिहायचं होतं. तुम्ही भिंतीपाशी उभे होतात, हाताची घडी घालून, मत नसलेले. मी 'नहीं' लिहिलं. घडी घातली आणि डब्यात टाकली.

अठरा विरुद्ध एकोणीस. प्रस्ताव पडला.

तुम्ही हसत घरी आलात. "तिकडे देशाचं सरकार एका मतानं पडतं, इकडे आपला जनरेटर एका मतानं पडला. आपण राष्ट्रीय प्रवाहात आहोत." मग चहा टाकलात. मला कप देताना म्हणालात, "कुणाचं मत फुटलं ते मी शोधणार नाही. गुप्त म्हणजे गुप्त." मी कपात बघत राहिले. तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हटलं, साखर कमी झालीय.

दोन दिवसांनी शाळेतून आले तर माझा पलंग आतल्या खोलीत हलवलेला. तुम्ही एकट्यानं ओढला होता, फरशीवर ओरखडे होते. "इकडे थंड असतं," म्हणालात. मी ओरखड्यांवरून रागावले. आता गेले अठरा दिवस त्या पलंगावर पडून मी हाच विचार करते की तुम्हाला माहीत होतं का. माहीत असून तुम्ही पलंग हलवलात का. मला या प्रश्नाचं उत्तर हवंय आणि या वेळी तरी ते सरळ हवंय.

जूनमधली ती दुपार. शाळेला सुट्टी होती म्हणून मी घरी होते. वीज गेलेली. तुम्ही ट्रान्झिस्टरवर लढाईच्या बातम्या ऐकत होतात. मी स्वयंपाकघरातून आले तर ट्रान्झिस्टर चालू आणि तुम्ही छातीवर हात धरून बसलेले, शर्ट घामानं भिजलेला. "काही नाही," म्हणालात, "जरा बसतो." तुम्ही बसलेलेच होतात. मी जिन्यात जाऊन हाका मारल्या. चौथ्या मजल्यावरचे सलूजाजी धावत आले, त्यांचा मुलगा आला, खालून चौकीदार आला. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर अडकून होती. तुम्हाला गॅलरीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, माझ्या दोन ओढण्यांनी बांधलं आणि खुर्ची उचलून जिना उतरायला सुरुवात केली.

जिना अरुंद. प्रत्येक वळणावर खुर्ची उभी करून फिरवावी लागत होती. चौथ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे त्यांनी दम घ्यायला खुर्ची खाली टेकवली. तुमचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि तशात तुम्ही मान वर करून म्हणालात, "सलूजाजी, इस देश में आदमी को कुर्सी से उतारना कितना मुश्किल है, आज समझ में आया।"

सलूजाजी हसले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आणि मी, मला इतकी भीती वाटत होती की मी तुमच्यावर खेकसले, "गप्प बसा हो. आता तरी जरा गप्प बसा."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. वर्गातल्या मुलासारखं बोट ओठांवर ठेवलंत.

गाडीत मागच्या सीटवर तुमचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. मी म्हणत होते, अहो, बोला ना काहीतरी, कुणालाही नावं ठेवा, मला ठेवा. तुम्ही श्वास घेत होतात, मला ऐकू येत होता. मग एका सिग्नलला मला तो ऐकू येईनासा झाला आणि मी ड्रायव्हरला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं गाडी हळू केली असती, असं काहीतरी वेड्यासारखं माझ्या मनात आलं.

हॉस्पिटलमध्ये एक तरुण डॉक्टर होती, आपल्या ऋताएवढी. मी तिला विचारलं, आधी आणलं असतं तर? लिफ्ट असती तर? ती म्हणाली, "कहना मुश्किल है, आंटी।" तुम्ही तीस वर्षं लिहिलीत तसलंच उत्तर होतं ते. फक्त तिनं ते दयेपोटी दिलं.

परवा रविवारी सोसायटीची सभा झाली. ऋता म्हणाली जाऊ नको. मी गेले. त्यागीजींनी दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं. मग त्यांनी तुमच्याच हस्ताक्षरातला जुना प्रस्ताव वाचला, एक शब्द न बदलता. या वेळी चिठ्ठ्या नकोत, हात वर करा, म्हणाले. सगळे हात वर झाले. पहिल्या मजल्यावरच्यांचेही. मग ते माझ्याकडे वळले. "अनुमोदन भाभीजी करें, तो अच्छा रहेगा।"

मी उभी राहिले. आवाज वर्गात शिकवताना असतो तसा स्पष्ट आला. मी म्हटलं, "पिछली बार जिस एक वोट से यह गिरा था, वह वोट मेरा था।"

सलूजांच्या बायकोनं माझा हात धरून मला खाली बसवलं. कुणी रागावलं असतं तर बरं झालं असतं. त्यागीजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "भाभीजी, मतदान गुप्त था। यह बात रजिस्टर में नहीं चढ़ेगी।"

परतताना लिफ्ट चालू होती. ऋता माझ्या बाजूला उभी होती. चौथा मजला आला तेव्हा म्हणाली, "आई, बाबांना माहीत होतं?" मी म्हटलं, मला माहीत नाही. तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि ती रडली, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा.

काल मी ते रजिस्टर मागवून घेतलं. त्यात एवढंच आहे की प्रस्ताव सर्वानुमते मंजूर. खाली त्यागीजींची सही. त्यांनी मला सांभाळून घेतलं आहे, मला कळतं. पण मला त्या पानाआड राहायचं नाही. तुम्ही जन्मभर दुसऱ्यांच्या वतीनं, दुसऱ्यांच्या सहीसाठी लिहीत आलात. हे मी माझ्या अक्षरात आणि माझ्या नावानं लिहिते आहे, की ते मत मी दिलं होतं, थोडं रागानं आणि थोडं झोपेसाठी, आणि तुम्ही माझ्यासाठी चहा करत उभे होतात तेव्हाही मी ते तुम्हाला सांगितलं नाही.